लग्नाच्या कॅसेटचा शेवट

मुलांनो,

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुमच्या आईला तर नाहीच. आता लिहायला बसले आहे ते मन हलकं करायला नव्हे. कपाट आवरत होते, आणि एखादी वस्तू तिच्या जागेवर नसली की मला चैन पडत नाही, हे तुम्ही जाणताच. ही गोष्ट तिच्या जागेवर नाही — एवढंच.

मागच्या सुट्टीत अल्बम बघताना तुम्ही विचारलंत, आई कुठल्याच फोटोत कशी नाही? मी म्हटलं, फोटो तीच काढते ना. खरंच आहे ते. पण नेहमी तीच का काढते?

वृंदा — तुमची आई — आठ वर्षांची असताना सिनेमात होती, इतकं तुम्हाला माहीत आहे. जुन्नरजवळच्या मढच्या बाजूला शूटिंग होतं. मुंबईहून आलेल्या दिग्दर्शकांनी आपल्या पिंपरी पेंढारच्या शाळेतून तिला निवडलं. सिनेमा चालला. किती चालला! कंडक्टर तिला सिनेमातल्या नावानं, 'चिंगी' अशी हाक मारून पुढची सीट द्यायचा. मी पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली, शेतकऱ्याच्या घरात सून म्हणून आलेली. गावात मला सगळे 'मॅडम' म्हणत. त्या वर्षापासून मी 'चिंगीची आई' झाले. आणि मला ते आवडलं. का आवडू नये?

शूटिंगला मी कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहायची. शॉट संपला की ती दिग्दर्शकांकडे नाही, माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की मगच हसायची. हे लक्षात ठेवा.

मग ती वाढली. तेराव्या वर्षी नायिकेची धाकटी बहीण — दोन प्रसंग, दोन्हींत हातात चहाचा ट्रे. पंधराव्या वर्षी नायिकेची मैत्रीण. आवाजसुद्धा दुसऱ्याच मुलीचा घातला. सतराव्या वर्षी नायकाची बहीण, मध्यंतराआधी मरणारी. ती घरी आली की सरळ कामाला लागायची. मी विचारायची नाही. प्रत्येक कामाचा कागद मात्र मी फाइलला लावायची, क्रमानं.

एकोणिसाव्या वर्षी त्या पहिल्या दिग्दर्शकांचा निरोप आला. या वेळी मुख्य भूमिका. बापामागे एकटीनं शेत कसणारी, ट्रॅक्टर चालवणारी मुलगी — शेवटपर्यंत एकदाही न रडणारी. गावातच कोणाकडून तरी तिचं थोडं काम व्हिडिओवर घेऊन पाठवा, म्हणाले. नारायणगावचे सुदामभाऊ लग्नांचं आणि बैलगाडा शर्यतींचं शूटिंग करत, त्यांना बोलावलं. त्यांच्याजवळ कोरी कॅसेट नव्हती. एका शर्यतीच्या कॅसेटवर शेवटी जागा शिल्लक होती, तिथं घेतलं. आपल्या अंगणात, लिंबाखाली. मी नेहमीसारखी कॅमेऱ्याशेजारी.

दहा मिनिटं. तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. संपल्यावरही नाही.

सुदामभाऊ म्हणाले, "आयला... मॅडम, लई भारी केलं पोरीनं. मी बंदचं बटण दाबायचंच इसरलो व्हतो राव."

त्यांनी एक प्रत मुंबईला पाठवली. मूळ कॅसेट माझ्याकडे राहिली.

त्याच महिन्यात मंचरच्या तुमच्या आजी तिला बघायला आल्या. पोहे खाता खाता म्हणाल्या, "पोर झ्याक हाय. पन ताई, ते पिच्चरचं मिटलं ना? आमच्यात न्हाई चालायचं."

"मिटलं," मी म्हटलं. अजून काहीच मिटलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. इंग्रजीत, टाइप केलेलं. पाकिटावर नाव तिचं. ती जुन्नरला कॉलेजात होती. मी फोडलं. आळीतलं प्रत्येक इंग्रजी पत्र मीच वाचायची, म्हणून सवयीनं फोडलं — असं म्हणता येईल. पण सवयीनं फोडताना हात थांबतो का? माझा थांबला होता.

त्यांनी तिला घेतलं होतं. असा चेहरा कितीतरी दिवसांत पाहिला नाही, असं लिहिलं होतं.

दुपारी मी उत्तर लिहिलं. सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता. माझं लग्न ठरलं आहे, मला आता हे काम करायचं नाही. खाली सही केली — तिच्या नावाची. आणि पेटीत टाकून आले.

संध्याकाळी ती आली. खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. "आलं का गं पत्र?"

"आलं. नाही म्हणालेत. चेहरा आता पडद्याला चालत नाही म्हणे. लहानपणी चालला, आता उठत नाही."

हे ते.

नुसतं 'नाही म्हणालेत' सांगून भागलं असतं ना? मग चेहऱ्याचं का घातलं? कारण साध्या नकारानं ती थांबली नसती. तिनं दुसरीकडे खटपट केली असती. मी नीट विचार करून ते वाक्य निवडलं. तिनं एकदा गालावर हात ठेवला, "बरं" म्हणाली आणि पाय धुवायला गेली. लग्नात इलाज नव्हता, पण एरवी त्यानंतर तिनं आपला फोटो काढू दिला नाही.

सिनेमावाले वाईट म्हणून? मला भेटले ते सगळे सभ्य होते. विहीणबाईंना शब्द दिला म्हणून? शब्द मी आधीही फिरवले आहेत. खरं सांगू? त्या दहा मिनिटांत तिला माझी मान हलण्याची गरज पडली नाही. ते मला बघवलं नाही. बस.

तुम्ही म्हणाल, लग्न झालं नसतं तर आम्ही कुठले? तुमचे बाबा चांगलेच आहेत. त्यात माझी काही करामत नाही, आणि त्यानं मी धुवून निघत नाही. मला निघायचंही नाही. मी या घरात माझ्या अकलेनं जगले. चांगलं केलं ते मी केलं, हेही मीच केलं. दोन्हींवर सही माझीच.

लग्नाच्या वेळी ती कॅसेट मी सुदामभाऊंच्या हातात दिली. "लग्न हिच्यावर घ्या."

"मॅडम, पोरीचं काम पुसलं जाईल की."

"जाऊ द्या."

"बरं. तुमी म्हणाल तसं," म्हणाले. आणि माझं ऐकलं नाही.

ते मला फार उशिरा कळलं. तुमची आई परदेशी गेली, पण तिनं आपल्या लग्नाची कॅसेट कधी मागितली नाही. एके दिवशी दुपारी आजोबा ती लावून खुर्चीतच पेंगले. पाठवणी संपली, टीव्हीवर नुसत्या मुंग्या आल्या, मग जुन्या शर्यतीतले बैल धावायला लागले. मी बंद करायला उठले, तोवर पडद्यावर आपलं अंगण आलं. सुदामभाऊंनी पाठवणीनंतर कॅमेरा थांबवून पुढचं सगळं तसंच ठेवलं होतं.

तेव्हा मला ते पुसता आलं असतं. पुसलं नाही. तिला फोन करता आला असता. तोही केला नाही. कॅसेट कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

सुदामभाऊंच्या मुलानं आता ती पूर्ण पेन ड्राइव्हवर घालून दिली आहे. तो पेन ड्राइव्ह, दिग्दर्शकांचं मूळ पत्र आणि हा कागद मी एकाच पाकिटात घालते आहे. मजकूर तुमच्या नावानं लिहिला, कारण तिच्या नावानं लिहायला बसले की पेन पुढे जात नाही. पाकिटावर मात्र नाव तिचं आहे. तेव्हा ते तीच फोडेल.

पाठवणीनंतर मुंग्या आहेत. मग थोडा वेळ बैल. मग लिंबाखाली ती. काम संपतं, आणि सुदामभाऊ बटण दाबायचं विसरले म्हणून पुढचंही आलं आहे — ती एकटीच हसते. कोणाकडेही न बघता.

— आजी