मांडीवर बॅग घेऊन बसलेला माणूस

मी ज्युनियर कॉलेजमध्ये केमिस्ट्री शिकवते. मांजर आडवं गेलं तर मांजरालाच ‘सांभाळून जा’ म्हणणारी मी. या ग्रुपवर बरेच दिवस नुसती वाचते आहे आणि खरं सांगते, प्रत्येक अनुभव वाचताना मनात कारण शोधत असते — झोप कमी, ताप, उजेड नीट नसणं, असं काहीतरी. बहुतेक वेळा सापडतंही. हा अनुभव मात्र माझ्या शेजारच्या सीटवर घडला आणि त्याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही. म्हणून लिहिते आहे. नावं बदलली आहेत.

मी सीवूड्सला राहते. हेमंत शेजारच्या करावे गावातला, म्हणजे स्टेशन, मॉल वगैरे व्हायच्या कितीतरी आधीपासूनच्या लोकांपैकी. उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात ऑफिसचं काम करायचा. आमची ओळख वाशीच्या नाट्यगृहात झाली, तीही वड्याच्या काउंटरवर. मध्यंतरात हा कोणाला तरी सांगत होता की अमुक नट वाक्य विसरला. मी मागे उभी होते. म्हटलं, “विसरला नाही, मुद्दाम पॉज घेतला त्याने.” तिसरी घंटा झाली तरी आमचा वाद चालूच होता. वडा गार झाला. पुढच्या शनिवारी तो मला त्याच काउंटरवर दिसला आणि म्हणाला, “मी परत बघितलं. पॉजच होता.” एवढ्यासाठी तेच नाटक दुसऱ्यांदा बघणाऱ्या माणसाशी लग्न करायला मी फार विचार केला नाही.

लग्नानंतरही आमचं सगळं नाटकाभोवतीच होतं. आठवडाभर मी पेपर तपासायचे, तो शिफ्ट करायचा. शनिवारी चारचा प्रयोग. जोडून सुट्टी आली की चैन — दोन नाटकं, आणि मधल्या दिवशी करावेला सासूबाईंच्या हातचे बोंबील, चिंबोरीचा रस्सा, तांदळाची भाकरी. मग बांधावरून फिरून यायचं, मॉलमध्ये आइस्क्रीम. आई, म्हणजे सासूबाई, म्हणायच्या, “लोकांचं खोटं रडनं बघाला जाता नि खरं रडून येता. घरात रडाला जागा नाय का?” त्या स्वतः कधी नाटकाला आल्या नव्हत्या.

पहिल्यांदा झालं ते दिवाळीच्या सुट्टीत, वाशीलाच. नवीन कौटुंबिक नाटक होतं. नेहमीचा दिवाणखाना, मागे वर जाणारा जिना. नाटक बरं होतं, ग्रेट नव्हतं. बाहेर आल्यावर हेमंत मात्र एकदम खूश. म्हणाला, “तो जिन्यावरचा माणूस काय कल्पना आहे यार. एक शब्द नाही, हालचाल नाही, आणि सगळे त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. फार सटल.”

मी म्हटलं, “कुठला माणूस?”

“मस्करी करू नकोस.”

“अरे, जिन्यावर कोणी नव्हतं.”

आम्ही उडप्याकडे डोसा खात चक्क भांडलो. त्याने वर्णनच केलं — पन्नाशीचा, अर्ध्या बाह्यांचा बारीक चौकड्यांचा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, मांडीवर चॉकलेटी रेक्झिनची बॅग आणि बॅगेवर दोन्ही हात. सरकारी ऑफिसबाहेर नंबर लागायची वाट बघत बसतात तसा. मला वाटलं, मला बनवतोय. त्याला वाटलं, मी बनवतेय. शेवटी त्याने नाटकातल्या एका ओळखीच्या नटाला मेसेज केला. उत्तर आलं, ‘जिन्यावर कोणी नाही रे बाबा, एवढं मानधन कुठून देणार.’ आम्ही हसलो. विषय संपला, असं मला वाटलं.

नाताळच्या वीकेंडला पनवेलला गेलो. नाटक वेगळं, संस्था वेगळी, सेट हॉस्पिटलच्या खोलीचा. पडदा उघडला आणि थोड्या वेळात हेमंतने माझा हात धरला. नाटकात तो कधी हात धरायचा नाही, लक्ष विचलित होतं म्हणायचा. कानाशी येऊन म्हणाला, “तोच आहे.”

“कुठे?”

“पेशंटच्या कॉटजवळ. बाकावर.”

मी बघितलं. बाक होता, रिकामा होता. त्यावर नाटकातली मुलगी येऊन बसली, तेव्हा हेमंत हळूच म्हणाला, “सरकून बसला तो.” बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाला, “मागच्या वेळी तो नटांकडे बघत होता. आज प्रेक्षकांकडे बघत होता. कोणाला तरी शोधत असल्यासारखा.”

मी केमिस्ट्रीवाली. दुसऱ्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डोळे तपासले, मेंदूचा एमआरआय काढला. त्यांनीच ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्याही सांगितल्या. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, शिफ्टमुळे झोप बिघडली आहे, टेन्शन घेऊ नका. हेमंतने त्यांना विचारलं, “पण मग तो यार्डात का दिसत नाही? घरी का नाही? नाटकातच का?” डॉक्टर हसले.

मी म्हटलं, काही दिवस नाटक नको. तो म्हणाला, “ज्या गोष्टीमुळे तू भेटलीस ती कशी सोडू?”

प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आली, आणि त्याने वाशीला एक एकपात्री प्रयोग निवडला. मुद्दाम. हे नाटक आम्ही लग्नाआधी ठाण्याला पाहिलं होतं. रिकामं स्टेज आणि मधोमध एक लाकडी खुर्ची. एक बाई नाटकभर त्या खुर्चीभोवती वावरते, बोलते, भांडते, पण बसत नाही. अगदी शेवटच्या प्रवेशात ती पहिल्यांदा बसते, आणि सगळं नाटक त्या बसण्यावर तोललेलं आहे. हेमंतचा हिशोब साधा होता — इथे लपायला सेटच नाही.

पडदा उघडला. मी स्टेजकडे नाही, हेमंतकडे बघत होते. त्याने डोळे मिटून घेतले आणि परत उघडले.

“खुर्चीवर,” तो म्हणाला.

“ऊठ, जाऊ या.”

“नको. ती बसते का बघू.”

नंतरचा दीड तास कसा गेला ते मला लिहिता येणार नाही. शेवटचा प्रवेश आला. अभिनेत्री आली, खुर्चीच्या पाठीला हात लावला, वळली, गुडघ्यात किंचित वाकली… आणि तशीच थांबली. मग सरळ उभी राहिली. शेवटचं अख्खं भाषण तिने उभ्याने केलं. ज्यांनी नाटक आधी पाहिलं नव्हतं त्यांना काहीच कळलं नसेल. टाळ्या पडल्या.

प्रयोगानंतर आम्ही इतरांसारखे आत भेटायला गेलो. बाई मेकअप पुसत होत्या. मी एवढंच म्हटलं, “छान झालं. पण आज तुम्ही शेवटी बसला नाहीत?”

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. “तुमच्या लक्षात आलं का? काय सांगू… इतके प्रयोग झाले, असं कधी झालं नाही. बसायला गेले आणि — आपण गर्दीत रिकामी जागा समजून बसायला जातो आणि तिथे कोणीतरी असतं, तेव्हा कसे थबकतो? तसं झालं. दमले असेन.” मग त्या स्वतःच हसल्या.

आम्ही कोणाला काही सांगितलं नव्हतं. ना त्यांना, ना कोणाला. सोसायटीच्या गेटशी स्कूटरवरून उतरताना हेमंत म्हणाला, “आज त्याने मला शोधलं. पूर्ण वेळ माझ्याकडेच बघत होता.”

“कसा? रागाने?”

त्याने विचार केला. “नाही. ओळख असल्यासारखा.”

त्यानंतर आम्ही आईंना सांगितलं. मला वाटलं होतं त्या कोणाला तरी बोलावतील, नारळ-लिंबू करतील. त्यांनी असलं काही केलं नाही. बोंबील साफ करत होत्या, हातातली कात्री खाली ठेवली आणि विचारलं, “कोन हाय तो? कुठल्या गावचा? तू वलकतस त्याला?”

“नाही गं आई.”

“आपल्या वलकीचा नाय, तर त्याला आपलं काय पडलंय?” त्यांनी परत कात्री उचलली. मग म्हणाल्या, “बॅग घेऊन बसलाय म्हंजी कुठं तरी जानार हाय तो. जाऊ दे त्याला. तू नको जाऊस तिथं.”

आईंचं त्याने ऐकलं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल आम्ही नाटक बघितलं नाही. शनिवारी चार वाजले की तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा. यार्डातून आला की जेवायचा आणि झोपायचा. हसणं कमी झालं, बोलणं कमी झालं. एकदा म्हणाला, “मला त्याची भीती वाटत नाही. असं जगायची भीती वाटते.”

महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीला त्यानेच तिकिटं काढली. वाशी, चारचा प्रयोग, विनोदी नाटक. मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तो म्हणाला, “एकदाच. नसला तर सुटलो. असला तर परत नाही जायचं, तुझी शपथ.”

पडदा वर गेला. त्याने स्टेज या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. दार, खिडकी, सोफा, विंग. परत बघितलं. आणि मग त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की मला रडू आलं.

“नाहीये,” तो म्हणाला. “वृषा, नाहीये तो.”

पहिला अंक तो नुसता हसत होता. आमच्या पुढचे आजोबा वळून बघायला लागले इतका. मध्यंतरात त्याने वडे खाल्ले, कॉफी घेतली, काउंटरवाल्याला सांगितलं, “आमचं लग्न तुमच्या वड्यामुळे झालं बरं का.” तिसरी घंटा झाली. आत जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

दुसरा अंक सुरू झाला. थोड्या वेळाने मला जाणवलं की तो हसत नाहीये. बाकी सगळं थिएटर हसत होतं.

“काय झालं?”

“बॅग आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“सोफ्यावर. बॅग ठेवली आहे. तो नाहीये, नुसती बॅग आहे.” त्याने मान वळवून मागच्या रांगांकडे पाहिलं, मग बाजूच्या दाराकडे. “गेला कुठे तो?”

सोफ्यावर मला काहीच दिसत नव्हतं. मी म्हटलं, “चल, उठू या.” तो म्हणाला, “थांब, हा सीन होऊ दे. लोकांना त्रास नको.” आणि त्याने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. मला वाटलं, घाबरलाय, बसू दे असाच. मी त्याचे केस कुरवाळत होते. स्टेजवर गोंधळ चालू होता, एक जण कपाटात लपला होता, लोक हसून हसून खोकत होते.

दिवे लागले तेव्हा टाळ्या वाजत होत्या. हेमंत तसाच होता. त्याचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते, एकमेकांपासून थोडं अंतर ठेवून, काहीतरी धरून बसल्यासारखे.

पुढच्या आजोबांनी मदत केली. त्यांच्यासोबत आलेला मुलगा डॉक्टर होता, त्याने तिथेच खाली झोपवून छातीवर दाब दिला. ॲम्ब्युलन्स लवकर आली. सगळ्यांनी सगळं केलं. हॉस्पिटलमध्ये सांगितलं — कार्डियाक अरेस्ट, हल्ली तरुण वयातही होतो, ईसीजी नॉर्मल असला तरी होतो. हे खरं आहे, मला मान्य आहे. माझ्याच कॉलेजमधले एक सर असेच गेले. पण त्या एकपात्री नाटकातल्या बाई का बसल्या नाहीत, याचं उत्तर कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही. मी नंतर या शेवटच्या नाटकाच्या लोकांनाही विचारलं. दुसऱ्या अंकात सेटवर बॅग नसते.

मी कारणं शोधली. अजून शोधते. तो माणूस हेमंतला घ्यायला आला होता, की हेमंतच्या शरीरात जे बिघडत होतं तेच त्याला माणसासारखं दिसत होतं, की आणखी काही… मला माहीत नाही. जो कोणी ‘मला माहीत आहे’ म्हणतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही.

मी सीवूड्सलाच आहे. रविवारी करावेला जाते. या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “मना पन ने एकदा.”

“कुठे?”

“नाटकाला.”

मी नको म्हणणार होते. पण त्यांनी परातीवरून मान वर केली नाही, तेव्हा मला बोलवेना. शनिवारी त्या चांगलं लुगडं नेसून, गजरा हातात धरून आल्या. डोक्यात घालवेना म्हणाल्या. आम्ही चारच्या प्रयोगाला बसलो. कुठलं नाटक होतं ते महत्त्वाचं नाही, त्यांनी एक वाक्य ऐकलं नसेल. पदर मुठीत धरून त्या फक्त बघत होत्या. लोक हसले तेव्हा हसल्या नाहीत. पात्रं एका बाजूला बोलायची तेव्हा त्या दुसरी बाजू बघायच्या — दारं, कोपरे, सोफ्याची मागची जागा. मीही तेच करत होते.

मध्यंतराचे दिवे लागले. आई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे न वळता विचारलं, “तुला दिसला का गं?”

कोण, ते त्यांनी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

“नाही आई.”

“मना बी नाय.”

लोक बाहेर जात होते, येत होते. मी म्हटलं, “घरी जाऊ या का?”

त्यांनी गजरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “बस,” त्या म्हणाल्या. “अर्धं राह्यलंय अजून.”