नावाआधी ‘कै.’ नको

मस्कतमधल्या मत्रहच्या सूकमागच्या, म्हणजे जुन्या बाजारामागच्या गल्लीत जनार्दन कुबलचं अक्षरं कोरायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल आणि पितळेचा चुरा. आमच्या मराठी मंडळाच्या बक्षिसाच्या ढाली तोच करतो आणि आम्हाला हेलपाटे घालायला लावतो. कारण त्याचा एक हट्ट आहे: अर्थ समजल्याशिवाय तो अक्षर कोरत नाही. भाषा कुठलीही असो, गिऱ्हाइकाने ओळ न् ओळ समजावून सांगायची. एरवी माणूस सरळ आहे.

२०१४च्या ऑक्टोबरात मस्कतमध्येच कुरुमला राहणारी रेनाटे नावाची जर्मन शिक्षिका त्याच्याकडे आली. मी ढालींसाठी तिसऱ्यांदा ताटकळत बसलो होतो, म्हणून हे मला माहीत. तिने एक फोटो दाखवला. फुटपाथच्या फरशांत बसवलेला तळहाताएवढा पितळी चौकोन, त्यावर पाच ओळी.

तिच्या माहेरच्या दारासमोरचा तो, त्या घरात पूर्वी राहणाऱ्या एडिथ नावाच्या बाईचा. हिटलरच्या काळात ज्या ज्यू माणसांना घरातून उचलून नेलं, त्यांच्या दारासमोर अशी नावं बसवतात. रेनाटेची आई दर नोव्हेंबरात गुडघे टेकून ते पितळ घासायची. आता म्हातारी व्हीलचेअरवर, लेकीकडे मस्कतला, आणि रोज विचारते, एडिथचं घासायचं राहिलं ना? म्हणून तसाच एक तुकडा अंगणातल्या फरशीत बसवायचा होता.

‘‘नावावर पाय पडतो, याचा काही लोकांना राग येतो,’’ रेनाटे जरा चाचरत म्हणाली.

‘‘नो प्रॉब्लेम, मॅडम. आमच्या गावात तर त्यासाठी रांग लागते.’’

जनार्दन म्हणाला ते खोटं नव्हतं. मालवणकडच्या त्याच्या गावी देवळाच्या पायरीवर आपल्या माणसाचं नाव असावं, येणाऱ्याजाणाऱ्याची पायधूळ त्यावर पडावी, अशी सगळ्यांचीच इच्छा असते. त्याच वर्षी नव्या पायऱ्या झाल्या होत्या आणि प्रत्येक घराने ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं कोरून घेतलं होतं. राहिलं होतं फक्त जनार्दनच्या वडिलांचं.

सहदेव कुबल १९७९ साली आणखी तिघांबरोबर होडी घेऊन गेले. होडीही परत आली नाही. बारा वर्षं वाट पाहून तिघांच्या घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकली. जनार्दनची आई प्रेमा हिने मात्र भटजींना दारातून परत पाठवलं. पायरीचा विषय काढला की फोनवर एकच उत्तर यायचं, ‘‘तुझो बापूस मेलो ह्या तुका कोणी सांगल्यान?’’ आई आता ऐंशीची. बापाचं नाव कुठेच न लागता तीही जाणार, ही टोचणी जनार्दनला होती. हजारो लोकांची नावं कोरणाऱ्या माणसाला ती टोचणारच.

रेनाटेने एकेक ओळ सांगितली. इथे राहत होती. एडिथचं नाव. जन्मसाल. बेचाळीस साली नेलं. जनार्दनने कागदावर चौकोन आखला आणि धंद्याच्या सवयीने खाली एक ओळ मोकळी सोडली.

‘‘मॅडम, डेथ डेट विसरलात. फोटोतली ही शेवटची ओळ काय?’’

‘‘पुढे काय झालं ते माहीत नाही.’’

‘‘तुम्हाला माहीत नाही?’’

‘‘कुणालाच नाही. शेवटच्या ओळीत तेच लिहिलंय.’’

जनार्दनने पेन्सिल खाली ठेवली. मग तेच तेच पुन्हा विचारलं, असं कोरतात? असं चालतं? तिने होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी माझ्या ढाली अर्थातच झाल्या नाहीत, आणि मी पहिल्यांदाच चिडलो नाही.

एडिथचा तुकडा त्याने चार दिवसांत दिला. दुसरा करायला त्याला महिना लागला. ‘सहदेव कुबल. जन्म १९३१. १९७९ साली समुद्रावर गेले. पुढचे ठाऊक नाही.’ आईला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा तिने ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, ‘‘घेवन ये.’’

नाताळच्या सुट्टीत त्याने तो पायरीत बसवला. प्रेमाला वाचता येत नाही. ती पायरीवर बसली आणि शेजारच्या, त्याच होडीतल्या तिघांच्या नावांची सुरुवात तिने बोटाने चाचपली. तिन्हीकडे तेच एक अक्षर. मग नवऱ्याच्या नावाची सुरुवात चाचपली. ते अक्षर तिथे नव्हतं. तिने पदराने पितळ पुसलं.

‘‘माझा नाव ह्याच्याच खाली घाल,’’ ती म्हणाली. ‘‘तो इलो तर माका सोदीत फिराक नको.’’

प्रेमा २०१८ साली गेली. जनार्दनने तिचं नाव तिने सांगितलं तिथेच कोरलं. त्याच्याआधीही ‘कै.’ नाही.