चार्टवरचा खोटा आकडा

मुठा खोऱ्यातल्या आमच्या वस्तीवरून त्या कोर्सला गेलेली मी एकटीच. नर्सिंग असिस्टंटचं शिक्षण, सहा महिन्यांचं, फी नाही. दहावी झालेली हवी आणि घरची परिस्थिती बेताची हवी, एवढंच मागत होते. आमच्या घरी शेळ्या आणि उरलेली थोडी मेंढरं. नवरा शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांच्या बंगल्यांवर माळीकाम करतो. दहावी मी लग्नाआधी कधीतरी केलेली. परिस्थितीबद्दल त्यांनी मला जास्त काही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी एक फॉर्म भरून घेतला. त्यात एक ओळ होती, कानाचा काही त्रास आहे का. मी 'नाही'वर खूण केली.

डाव्या कानानं मला लहानपणापासून कमी ऐकू येतं. कान फुटायचा, पू यायचा, आई त्यात कोमट तेल सोडायची. माझं लग्न ठरत होतं तेव्हा तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "कुनी इचारलं तर न्हाई म्हनायचं. आनि मानूस उजव्या अंगाला यील अशी बसत जा." मी तशीच बसत आले. फॉर्मवर खूण केली तेव्हाही कोणाचं लक्ष नव्हतं.

आम्हाला शिकवायला एक निवृत्त नर्स यायच्या, पुण्याहून. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. आवाज बारीक आणि बोलणं भराभर. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी बी.पी. घ्यायला शिकवलं. दंडाला पट्टा गुंडाळायचा, रबरी फुगा दाबून हवा भरायची, मग ती हळूहळू सोडायची. कोपराच्या खोलगटात स्टेथोस्कोप धरला की टप टप असा आवाज सुरू होतो. सुरू झाला तो वरचा आकडा, थांबला तो खालचा. मी मागच्या बाकावर होते, डोक्यावर पंखा खडखडत होता. निम्मं कानावर आलं, निम्मं गेलं.

मग जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला कासारसाई गावची एक बाई आली. तिनं माझं बी.पी. घेतलं आणि लगेच आकडा सांगितला. मी तिचं घेतलं. कानात नुसती घूं अशी हवा. बाकी काही नाही. काटा खाली आला, शून्यावर टेकला. सगळ्या जणी सांगत होत्या, आला बाई आवाज, आला.

मॅडम माझ्याजवळ आल्या. "ऐकू आलं?"

"आलं."

"किती?"

पहिल्या दिवशीच्या तपासणीतला तिचा आकडा तिच्या वहीत होता, तोच मी सांगितला. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेल्या.

तिथून पुढे भीतीच भीती. सकाळी पौडला उतरून दुसऱ्या जीपची वाट बघताना डोक्यात तेच. आज पकडतील. आज सगळ्यांसमोर विचारतील. काटा खाली येताना एका जागी थरथरतो, हे मी हेरून ठेवलं होतं. त्यावरून मी आकडा बांधायची. बहुतेक वेळा तो जवळपास यायचा, म्हणून कोणाला संशय आला नाही. बाकी सगळं मला चांगलं जमत होतं. पेशंटला कूस बदलवणं, अंग पुसणं, चादर न काढता पाठीखाली नवी चादर घालणं. मॅडम दोनदा सगळ्यांना म्हणाल्या, हिच्याकडं बघा. तेव्हा मला जास्तच भीती वाटायची.

चौथ्या महिन्यात आम्हाला एका दवाखान्याच्या जनरल वॉर्डमध्ये पाठवलं. सकाळी आणि दुपारी चारला प्रत्येक खाटेवर जाऊन नाडी, ताप, बी.पी. चार्टवर लिहायचं. एरवी वॉर्डच्या सिस्टर आमचे आकडे स्वतः तपासायच्या. त्या दिवशी एक अपघाताचा पेशंट आला होता, आणि सिस्टर सारख्या तिकडे धावत होत्या.

माझ्याकडे एक आजी होत्या. जुलाबानं भरती झालेल्या, बारीक अंगाच्या. सकाळी माझ्याशी खूप बोलल्या होत्या. कोणाची तू, मेंढरं हायेत का अजून, असं सगळं. दुपारी मी गेले तर गप्प पडून होत्या.

"आजी, बी.पी. घेते."

"घे बाय." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला कसंतरीच हुतंया. गरगरतंय."

हात हातात घेतला तर गार आणि ओलसर. मी पट्टा बांधला, हवा भरली, सोडली. काटा सरळ खाली यायला लागला. नेहमी थरथरायचा तिथं थरथरला नाही. खूप खाली कुठेतरी हलल्यासारखा वाटला, पण खात्री नव्हती. कानात काहीच नाही. परत केलं. काहीच नाही. शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याकडे बघायला लागली.

मी चार्टवर सकाळचा आकडा उतरवला. एकशे चाळीस, नव्वद. आणि पुढच्या खाटेकडे गेले.

पुढच्या खाटेवर मी काय केलं ते मला आठवत नाही. छाती एवढी धडधडत होती की बोटांखाली त्या पेशंटची नाडी आहे की माझी, कळत नव्हतं. मी मागे बघत होते. आजींनी डोळे मिटले होते. मग सिस्टर गोळ्यांचा ट्रे घेऊन वॉर्डात आल्या आणि मला एकदम आठवलं. आजींना बी.पी.ची गोळी चालू होती. चारचा आकडा बघायचा आणि मग द्यायची की नाही ते ठरवायचं. आकडा कमी असेल तर गोळी थांबवायची. मॅडमनी हे वर्गात चारदा सांगितलं होतं.

सिस्टर आजींपासून तीन खाटा लांब होत्या. मला वाटलं, त्या स्वतः परत बी.पी. घेतील. एक खाट झाली. मला वाटलं, हात गार आहे हे त्यांच्या लक्षात येईल. दुसरी झाली. मी जागीच उभी. आपलं नाव काढतील, वस्तीवर सगळे विचारतील का आलीस परत, दवाखान्यात पोलीस बोलावतील, असं काय काय डोक्यात येत होतं. सिस्टरांनी आजींचा चार्ट उचलला, वाचला आणि पाकिटातून गोळी बाहेर काढली.

"सिस्टर, थांबा," मी म्हणाले. आवाज इतका लहान निघाला की त्यांनी वर बघितलं नाही. मी जाऊन त्यांचा हात धरला.

"काय झालं?"

"तो आकडा खोटा हाय. मी सकाळचा लिवलाय. मला ऐकूच येत न्हाई."

 त्यांनी ट्रे माझ्या हातात दिला आणि स्वतः पट्टा बांधला. हवा सोडताना त्यांचा चेहरा बदलला. "वरचा अठ्ठ्याऐंशी," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना बोलाव. पळ."

मी पळाले. डॉक्टर आले, सलाईन जोरात सोडलं, खाटेची पायाकडची बाजू उंच केली. मी ट्रे छातीशी धरून भिंतीला टेकून उभी होते. ट्रेमधल्या गोळ्यांची पाकिटं खळखळ वाजत होती. तासाभरानं आजींनी डोळे उघडून पाणी मागितलं. सिस्टर मला एवढंच म्हणाल्या, "उद्या येऊ नकोस. तुझ्या मॅडमना मी सांगते."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो शेळ्यांना पाला टाकत होता. सगळा टाकून झाल्यावर त्यानं हात झटकले. म्हणाला, "म्हातारी हाय ना जित्ती?"

"हाय."

"मग जा आनि काय बोलत्यात ते ऐकून ये. घरात बसून काय हुनार."

मॅडमनी मला दोन दिवसांनी बोलावलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. त्यांनी स्टेथोस्कोप माझ्यापुढे ठेवला. "घाल कानात."

मी घातला. त्या बघत राहिल्या, मग त्यांनी तो काढून फिरवला आणि परत घातला. "टोकं पुढच्या बाजूला वळलेली हवीत. तू उलटा घालतेस. तीन महिने उलटा घालतेस?" त्यांनी स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला आणि माझा हात धरून स्टेथोस्कोप टेकवला. उजव्या कानात लांबून, मातीवर कोणी बोट आपटावं तसा आवाज आला. टप. टप. टप. मी रडायला लागले. तेव्हाच मी डाव्या कानाचं सांगितलं, फॉर्मचंही सांगितलं.

त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "कान तपासून घेऊ. एका कानावर हे काम करणाऱ्या मी पाहिल्यात. त्याचं मला काही वाटत नाही. पण तू न घेतलेला आकडा लिहिलास. त्या बाई गेल्या असत्या तर मी तुला काय म्हणायला हवं होतं, सांग."

मी स्टेथोस्कोप कानातून काढून टेबलावर ठेवला.

त्यांनी मला काढलं नाही. आमच्या तुकडीबरोबर प्रमाणपत्रही दिलं नाही. कानाच्या डॉक्टरांनी डाव्या पडद्याला भोक आहे असं सांगितलं, उजवा कान चांगला. नव्या तुकडीबरोबर मला पहिल्यापासून बसवलं, पुढच्या बाकावर. आधीच्या तुकडीतल्या बायकांपैकी काही हिंजवडीतल्या उंच इमारतींत म्हाताऱ्या माणसांकडे कामाला लागल्या होत्या. जीपमध्ये भेटल्या की विचारायच्या, तू अजून शिकतेसच का. मी हो म्हणायची. का, ते एकीलाच सांगितलं, कासारसाईच्या जोडीदारणीला.

दुसऱ्यांदा त्याच वॉर्डात गेले त्या सकाळी पौडला मी एक जीप तशीच सोडून दिली. आजी कधीच्या घरी गेल्या होत्या. त्यांच्या खाटेवर आता एक तरुण मुलगी होती, पोटाच्या ऑपरेशनची. सिस्टर त्याच होत्या. त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, उजव्या बाजूला. मी पट्टा बांधला, हवा सोडली, आवाज आला, तरी माझा विश्वास बसेना. परत घेतलं. आकडा तोच.

"एकशे बारा, सत्तर," मी म्हणाले आणि चार्टवर लिहिलं.

सिस्टरांनी स्वतः घेऊन बघितलं. मग माझ्या आकड्यापुढे आपली सही केली आणि म्हणाल्या, "लिहीत जा. अजून अकरा खाटा आहेत."