तिफणीमागची हाक

घरातला तंटा घेऊन माणसं आमच्या सल्लाकेंद्रात येतात, तेव्हा मी त्यांच्या मधोमध बसत नाही. नवरा-बायको समोरासमोर बसतात आणि मी बाजूला, खिडकीपाशी, स्टुलावर. सुरुवातीला दोघंही माझ्याकडे मान वळवून बोलतात. मान अवघडली की हळूहळू एकमेकांशी बोलू लागतात. केंद्रातल्या तरुण मुली याला माझी पद्धत म्हणतात, आणि मला फार संकोच होतो. ती मी शोधून काढलेली नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका वावरात, गव्हाच्या पेरणीला, ती माझ्या पदरात पडली, आणि तीही मी भरपूर लुडबूड करून झाल्यावर.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. गावोगाव विकासाच्या योजना नुकत्याच आल्या होत्या आणि केळझरच्या अलीकडच्या एका गावात माझी समाजशिक्षणाच्या कामावर नेमणूक झाली होती. प्रौढांचे वर्ग चालवायचे, भजनीमंडळ उभं करायचं, खताचे खड्डे कसे भरायचे ते सांगायचं, असं ते काम. लोक मला गुरुजी म्हणत. मी आर्वीकडचा, शेतकऱ्याच्याच घरचा, त्यामुळं गावात रुळायला वेळ लागला नाही.

माझा स्वभाव तेव्हाही असाच होता. अपराधी वाटायला मला फारसं कारण लागत नाही. वर्गात एखादी बाई पेंगली तर वाटे, आपणच कंटाळवाणं शिकवलं. मोटार चुकली तर वाटे, ड्रायव्हरनं आपली वाट पाहिली असेल बिचाऱ्यानं. पण या पापभीरूपणाच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती सांगून टाकतो. कोणी भांडण घेऊन दारात आलं की मला आतून बरं वाटायचं. चेहरा गंभीर करून मी ओसरीवर सतरंजी घालायचो आणि मनात म्हणायचो, बघ, यांना तुझ्यावाचून दुसरं कोण आहे.

दुपारच्या बायकांच्या वर्गाला एक तरुण सून येत असे. पाटीवर अक्षरं ठसठशीत काढी आणि शेजारणीचं चुकलं की हसून घेई. एक दिवस ती पाटी मांडीवर तशीच ठेवून बसली. वर्ग सुटल्यावर म्हणाली, "गुरुजी, आमच्या घरचे माह्याशी बोलत नाईत. मीबी नाई बोलत."

घरचे म्हणजे नवरा. कारण पेरणीचं होतं. आमच्याकडे ज्वारी, गहू तिफणीनं पेरतात. पुढं बैल, त्यांना हाकणारा गडी, आणि तिफणीवर जी लाकडी वाटी असते त्या चाड्यात मुठीनं बी सोडत मागून चालणारं माणूस. त्या घरी बैल नवरा हाकी आणि चाड्यावर मूठ हिची. पावसाळ्यात पेरलेली ज्वारी धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, अंगाला पातळ उगवली होती. उगवण काही झाकून ठेवता येत नाही; येणारा-जाणारा पाहतो. चार माणसांत कोणी तरी विचारलं, आणि नवरा म्हणून गेला की बाईचा हात सैल पडला. ते हिच्या कानावर आलं.

"माही माय जलमभर माह्या बापाच्या तिफणीमागं चालली," ती म्हणाली. "आता गव्हाची पेरणी हाये. चाड्यावर दुसऱ्याचा हात दिसला, का मी निंघालीच माहेरी, दुपारच्या मोटारनं. मंग कोनी आनाले येऊ नोका."

तिचं माहेर जाम गावाच्या पलीकडे. बोलताना तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला ते खरं वाटलं.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर गेलो. दोघांना बोलावलं आणि दोघांच्या मध्ये बसलो. सासू सुपात तुरीची डाळ निवडत होती.

सून म्हणाली, "गुरुजी, याइले पुसा, जवारी पातळ झाली ते माह्याच हातानं का?"

नवरा हातभर अंतरावर होता. तरी मी त्याला विचारलं.

तो आढ्याकडे पाहत म्हणाला, "तिले सांगा, मी एकट्यानं नाई म्हटलं. सारेच म्हणून राह्यले होते."

मी सांगितलं.

"याइले सांगा, साऱ्याइच्या घरी नाई नांदत मी."

तेही सांगितलं. असं बराच वेळ चाललं. सासूनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "गुरुजी, गळा सुकन तुमचा. पानी पेजा जरा."

पाणी पिऊन मला आणखी जोर आला. मी निवाडा दिला. भिंतीपलीकडे शेजारी कान देऊन उभे आहेत हे माहीत असूनही मी त्या नवऱ्याला म्हणालो, "चूक तुझी आहे. आईसमोर कबूल कर आणि विषय संपव." वाक्य फार चांगलं जमलं असं मला त्या क्षणी वाटलं. तो उठला, पायात वहाणा सरकवल्या आणि गोठ्याकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यानं पवनारच्या चुलतभावाला चाडं धरायला निरोप धाडला आहे.

म्हणजे जे व्हायला नको होतं, ते माझ्या तोंडानं झालं होतं. मला जेवण गेलं नाही. पेरणीच्या दिवशी उजाडताच मी त्यांच्या वावराकडे निघालो. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं; घरी बसवत नव्हतं, एवढंच.

वावरात बैल जुंपलेले, तिफण पहिल्या तासाला, म्हणजे पेरणीच्या सरीला, लावलेली, आणि चुलतभाऊ आलेलाच नव्हता. त्याच्या स्वतःच्या वावरातली ओल उडत चालली होती, म्हणून तो आधी आपलं पेरून मग येणार होता. ओल इथंही थांबणार नव्हती. नवरा कासरा धरून उभा. सून बियाण्याचं टोपलं घेऊन धुऱ्यावर उभी. सासूनं पोचवायला सांगितलं म्हणून ती आली होती. तो ये म्हणत नव्हता आणि ती पुढं होत नव्हती. दोघंही बैलांकडे पाहत होते, जणू बैलच काय ते ठरवणार आहेत.

मला ते पाहवेना. मी धोतर खोचलं आणि म्हणालो, "मी धरतो चाडं. मला येतं."

येत होतंच. लहानपणापासून वडिलांच्या मागं चाललो होतो. मूठ भरली, बोटांच्या फटीतून गहू सोडू लागलो, नळ्यांतून बी खाली जाऊ लागलं आणि तिफण चालली. इतक्या वर्षांनी मातीचा तो वास आला आणि मला खरोखर आनंद झाला. दोन तासं मारून परत आलो तेव्हा सून तिथंच होती. तिनं टोपलं खाली ठेवलं होतं.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुमचाबी हात दुसऱ्याचाच न?"

माझी मूठ तशीच राहिली. चुलतभावाचा हात टाळायच्या नादात मी माझा हात तिथं घातला होता. पुन्हा मीच मध्ये. माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं तर ती म्हणाली, "राहू द्या. तुमी मागान माफी, अन् मलेच वाईट वाटन." आणि ती धुऱ्यानं चालू लागली. घराकडे, म्हणजे बोचकं बांधायला, म्हणजे मोटारीकडे. नवऱ्याला ते कळलं होतं. त्यानं कासरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि पुन्हा बैलांकडे पाहू लागला.

धुऱ्याच्या त्या टोकाला, जिथं तिफण वळते, तिथं ती थांबली. का थांबली, मला माहीत नाही. पेरणाऱ्याच्या घरातलं माणूस ताज्या तासावरून तसंच पुढं जाऊ शकत नाही, असं असेल. ती उकिडवी बसली आणि बोटानं माती उकरली. थोडं मागं सरकून पुन्हा उकरली. मग आणखी एका तासात. आणि ती हसायला लागली.

"अवो," तिनं हाक मारली. "इकडे या."

बाहेरच्यांना यातलं नवल कळणार नाही. आमच्या गावात सून भर वावरात नवऱ्याला हाक मारत नसे. घरात काय बोलायचं ते बोलत. वावरात मात्र शेजारच्या वावरातले वडीलधारे ऐकत असतात, म्हणून बायका मुक्यानं मागं चालत. शेजारच्या वावरातला म्हातारा खरोखरच वळून पाहू लागला. नवरा कासरा माझ्या हातात देऊन धावत गेला. मी बैलांना थोपवलं आणि एका हातात कासरा, दुसऱ्या मुठीत गहू, असा उभा राहिलो.

"हे पाहा," ती त्याला सांगत होती. "इथं दाना नाई. इथंबी नाई. गुरुजीचाबी हात सैल पडला का?"

त्यानं स्वतः उकरून पाहिलं.

"तुमचे बैल धुरा दिसला का पयतात," ती म्हणाली. "सावलीकडे धावतात. मूठ सुटेपर्यंत तिफण पुढं जाते."

"पयतात ते मालूम हाये मले."

"मालूम हाये, तं कासरा दाबत काऊन नाई?"

"तुही मूठ मागं राह्यते हे मले काय दिसते? माह्या पाठीले डोये हायेत का?" तो म्हणाला. "तू सांगाचं न."

ती जरा हळू म्हणाली, "सांगू कशी? हाक मारू का, साऱ्याइच्या देखत?"

"आत्ता मारली न."

यावर दोघंही हसले. मला सांगण्यासारखं पुष्कळ सुचत होतं. यात एकाचा दोष नाही, पोकळी दोघांच्या मधली आहे, असं एक मोठं वाक्य जिभेवर तयार होतं. पण माझ्याकडे कोणी पाहतच नव्हतं. मी गहू टोपल्यात टाकला, बैलांना तिथंच उभं करून बाभळीखाली जाऊन बसलो. उपदेश न करता बसण्याची माझी ती पहिलीच वेळ, आणि तीसुद्धा कोणी विचारलं नाही म्हणून. तिथून दोघं एकदमच नजरेत येत होते. मध्ये बसलो की एकाकडे पाहताना दुसरा सुटतोच.

बोलणं लांबलं. ज्वारीचंही निघालं. तो म्हणाला, "त्या दिवशी चार मानसं होते, मी घाबरलो. माह्यावर येऊ नाई म्हणून तुह्यावर टाकलं." ती लगेच विरघळली वगैरे नाही. म्हणाली, "मंग आता त्याच चौघाइले सांगजा."

"सांगीन."

"कधी?"

"आधी पेरू तं दे."

ती उठली, पदर खोचला आणि चाड्यामागं उभी राहिली. पण हाकेचा प्रश्न होताच. एकदा झाली ती झाली. दर वळणाला नवऱ्याला हाक कशी मारायची? तोड तिनंच काढली. पहिलं तास संपत आलं, तशी ती मोठ्यानं म्हणाली, "हो हो, तांबड्या, दम धर." तांबडा म्हणजे डावीकडचा बैल. नवऱ्यानं कासरा ओढला, तिफण सावकाश वळली आणि मूठ धुऱ्यापर्यंत पुरली.

भाकरी घेऊन सासू आली तेव्हा तांबड्याला बोलणी चालूच होती. ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली. "काऊन व," तिनं विचारलं, "बैलाले बोलून राह्यली का माह्या पोराले?"

"ज्याले लागन त्याले," सून म्हणाली.

सासू हसता हसता खालीच बसली. "मी जलमभर मुक्यानं चालली," ती मला म्हणाली, "अन् उगवन पातळ झाली का बोलनं खाल्ले. हे मले सुचलंच नाई पाहा." जवसाची चटणी आणि ज्वारीची भाकर आम्ही चौघांनी बाभळीखाली खाल्ली. चुलतभाऊ उन्हं उतरताना उगवला. त्याला चटणी मिळाली, चाडं मिळालं नाही. दुपारची मोटार कधीच निघून गेली होती, आणि ती गेल्याचं माझ्याखेरीज कोणाच्या लक्षातही नव्हतं.

गहू उगवला. धुऱ्याला लागून दोन तासं तेवढी टोकाशी उघडी राहिली. ती माझी. लोक ती दाखवून हसत आणि मीही हसे. नवऱ्यानं त्या चौघांना सांगितलं. कसं सांगितलं हे मी विचारलं नाही. विचारायची इच्छा फार होती.

पुढं वर्गातल्या बायकांत तांबड्याचं पेव फुटलं. शेजारच्या वावरांतूनही बैलांना सूचना ऐकू येऊ लागल्या. एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे तक्रार केली की गुरुजींच्या वर्गानं बाया बोलक्या झाल्या. मी सवयीनं ओशाळलो, पण त्या दिवशी पहिल्यांदा ओशाळण्यात मजा वाटली.

होळीच्या सुमारास मी एका सकाळी ओसरीवर दाढी करत होतो. रस्त्यानं आवाज आला. तीच दोघं, वर्ध्याच्या बाजाराला निघालेली, आणि कडाक्याचं भांडण चाललेलं. गाय घ्यायची का म्हैस, यावर. ती म्हणत होती, "म्हशीचं पानी कोन वाहीन, तुमी?" तो म्हणत होता, "वाहीन न, तू पाहजो." आवाज चांगलाच चढला होता. मी घाईनं अर्धामुर्धा साबण पुसला, सतरंजी ओढली आणि ती अंथरू लागलो. दोघंही माझ्या दारावरून गेली. भांडता भांडताच नवऱ्यानं मला हात जोडले, तिनं "रामराम गुरुजी" म्हटलं, आणि म्हशीचा मुद्दा जिथं सोडला होता तिथून उचलून पुढं चालू लागली.

अर्ध्या तोंडाला साबण, हातात सतरंजीचं टोक, असा मी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिलो. जरा वाईट वाटलं, हे खोटं कशाला सांगू. मग ते वळणावर दिसेनासे झाले, तरी तिचा आवाज येत होता, आणि त्याचं उत्तरही येत होतं.