अभिषेकातला उरलेला मध

मधमाश्यांच्या वसाहती का मरतात, याचा अभ्यास हे माझं विद्यापीठातलं काम. गावोगावच्या मधपाळांना मी बजावत असे की बाहेरचा मध माश्यांना देऊ नका, त्यातून रोग येतो. वसाहत मेल्यावर काय खायला घातलं होतं, असं विचारलं की ते विषय बदलत. मला वाटे, हे लपवतात. राग यायचा.

गंगेकाठी दुर्गाघाटावरच्या आमच्या घराच्या गच्चीतही मधमाश्यांची एक पेटी होती. यंदा फाल्गुनात तिच्यातल्या अळ्या सडल्या. घरात विचारलं, तेव्हा वडील म्हणाले, "मध मीच देत होतो. त्यांचंच त्यांना."

वडील यजमानांकडे अभिषेक करतात. पंचामृताचा उरलेला बाजारचा मध ते वाटीत घालून पेटीसमोर ठेवत.

रोग पसरू नये म्हणून पेटी जाळणं भाग होतं. वडिलांनी ती कचऱ्यात जाळू दिली नाही. नावेतून गंगेपलीकडच्या वाळूत नेली, तिथे पेटवली आणि राख होईपर्यंत हात जोडून उभे राहिले.

आता वसाहत मेली की मी मधपाळाला एवढंच विचारतो, घरात माश्यांचा सगळ्यात जास्त लळा कुणाला होता? उत्तर देण्याआधी बहुतेक जण वळून घराकडे बघतात.