स्पिरिटचा बोळा

भावना गजभिये म्हणजे अतिदक्षता विभागात एकोणीस वर्षं काढलेली बाई. नागपुरातल्या त्या खासगी दवाखान्यात डॉक्टर आले, गेले, मालकसुद्धा बदलले, पण इंदोऱ्याहून स्कूटीवर येणारी भावना सिस्टर काही हलली नाही. बोट टोचण्यात तिचा हात इतका हलका, की शुद्धीवरचे पेशंट नंतर विचारत, झालं का म्हणून. स्पिरिटचा बोळा, एक टोच, एक थेंब, की यंत्रावर साखरेचा आकडा हजर. या कामाचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे.

म्हणूनच दंडाला चिकटवायचे सेन्सर आले तेव्हा तिने नाक मुरडलं. रुपयाएवढी ती चकती दर पाच मिनिटांनी साखर पडद्यावर दाखवायची, वर बाण काढून चढतेय की उतरतेय तेही सांगायची. भावना तिला बिल्ला म्हणे. पहिल्याच आठवड्यात एक पेशंट त्या दंडावर कलला, चकती दाबली गेली आणि साखर घसरल्याची खोटीच बोंब उठली. सगळे धावले, पेशंट ठणठणीत. तेव्हापासून विभागात नियमच झाला: बिल्ला एक सांगतो आणि बोट दुसरं, तर बोटाचं ऐकायचं. कागदावर सही मोठ्या डॉक्टरांची, पण सुचवणारी भावना.

त्या आठवड्यात सहा नंबरला कवडू नखाते होते. भिवापूरला मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, पोती तोलणारे, साठीला टेकलेले. जुना मधुमेह, त्यात न्यूमोनिया, म्हणून व्हेंटिलेटर आणि झोपेचं औषध. साखर काबूत ठेवायला शिरेतून इन्सुलिन थेंबथेंब चालू. असा माणूस साखर उतरली तरी चक्कर येते म्हणू शकत नाही. उतरतच गेली तर मेंदू कायमचा बिघडतो, नाहीतर जीव जातो, आणि बाहेरून दिसतं काय, तर शांत झोपलेला माणूस.

पाच वाजता भेटीची दहा मिनिटं. कवडूंची बायको पार्बताबाई आत आली, नवऱ्याचा उजवा हात हातात धरून बसली, पदराआड काहीतरी पुटपुटली आणि वेळ संपताच मुकाट्याने बाहेर गेली. साडेपाचला भावनाने पडद्याकडे पाहिलं. ब्याऐंशी, बाण खाली. तिने उजव्या हाताच्या बोटावर बोळा फिरवला, टोचलं. तीनशे बारा.

ड्यूटीवर डॉक्टर अपूर्व होता. हुशार पोरगा, पण नियमाबाहेर पाऊल टाकायला घाबरणारा. त्याने इन्सुलिन चारवरून सहा युनिट करायला सांगितलं. भावनाने पंपाचं बटण दाबलं. दुपारी स्कॅनसाठी कवडूंचं नळीतलं अन्न दोन तास बंद होतं आणि नंतर निम्म्याच वेगाने सुरू केलं होतं, हे तिला माहीत होतं. मग साखर तीनशेवर चढेल कशी? प्रश्न मनात आला खरा, पण आपल्याच हाताने घेतलेल्या आकड्यावर शंका घ्यायची तिला सवय नव्हती.

दहा मिनिटांत बिल्ला कोकलायला लागला. चौसष्ट. तिने त्याच हाताचं दुसरं बोट पुसलं, टोचलं. दोनशे अठ्ठ्याण्णव. रक्त प्रयोगशाळेत धाडलं, पण तिथून उत्तर यायला पाऊण तास. अपूर्व वैतागला. सेन्सर बिघडलाय, काढून टाका म्हणाला.

ती काढायला वाकली. कवडूंच्या कपाळावर घाम होता. नाडी एकशे वीस. दंड मोकळा करायला तिने त्यांचा हात उचलला, आणि हातमोजा त्या तळव्याला चिकटला. सोडवताना चर्र आवाज झाला. बोटांच्या बेचक्यात तपकिरी कण होते. तिने नाकाशी नेऊन पाहिलं. गूळ.

कुणाला न विचारता तिने आधी पंप बंद केला. मग कापूस पाण्यात भिजवून हात चोळून धुतला, पुसला, टोचला. सत्तेचाळीस.

"अपूर्व सर, डेक्स्ट्रोज. गूळ होता हाताले."

शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, गेलं. पण चकती रक्ताच्या काही मिनिटं मागून चालते, त्यामुळे पडद्यावरचा आकडा उतरतच राहिला: एक्कावन्न, अठ्ठेचाळीस. पंधरा मिनिटं दोघंही त्या पलंगाजवळून हलले नाहीत. पुन्हा धुतलेल्या बोटाने एकशे चार दाखवले, तेव्हा अपूर्व खुर्चीत बसला. भावनाला बसवेना. इतकी वर्षं ती नव्या पोरींना सांगत आली होती की स्पिरिटने सगळं जातं. स्पिरिटने जंतू जातात. गूळ जात नाही, तो थेंबात मिसळतो आणि यंत्र तोच मोजतं. ही एवढीशी गोष्ट कुठल्याही स्वयंपाकघरातल्या बाईला विचारली असती तरी कळली असती.

पार्बताबाई बाहेरच्या बाकावर सापडली. कवडूंची साखर घसरल्याचं सांगून भावनाने गुळाचं विचारताच आधी नाही म्हणाली, मग रडायला लागली. आजाऱ्याचा हात लावून गूळ वाटायचा, ही त्यांच्याकडची रीत. आत खायचं काही न्यायचं नाही असं दारावर लिहिलेलं, म्हणून तिने चोरून भेलीचा तुकडा त्यांच्या मुठीत दाबून परत पदरात बांधला होता.

"माह्या गुळानं झालं का वं, बाई?"

घटनेच्या कागदावर नातेवाइकांची चूक लिहा, असं अपूर्वने मघाशीच सुचवलं होतं. भावनाला आता हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही, मावशी. चूक माही होय. मी हात पाण्यानं धुतला नाही. अन् वरून इन्सुलिन वाढवलं."

"अन् तुले समजलंच नसतं तर?"

पार्बताबाई भावनाच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिला जे कळायचं ते कळलं. कागदावरही भावनाने तेच लिहिलं, खाली सही केली.

मेंदूला धक्का बसला का, हे झोपेचं औषध कमी केल्याशिवाय कळणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते कमी केलं. भावना पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. पाऊण तास काहीच नाही. मग कवडूंनी डोळे उघडले, सांगितल्यावर बोटं दाबली. भावनाने तोंड फिरवून डोळे पुसले.

पाचला पार्बताबाई आली. नवऱ्याने ओळखलं तेव्हा तिचा बांध फुटला. जरा वेळाने साखर बघायची वेळ झाली आणि भावना ट्रे घेऊन आली. पार्बताबाईने नवऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत झाकून धरला, सोडला नाही.

"आधी पानी आन," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता, आणि तेच भावनाला जास्त लागलं. हात सकाळीच धुतलाय, हे तिने सांगितलं नाही. वाटीत कोमट पाणी घेऊन आली, पार्बताबाईच्या देखत एकेक बोट धुतलं, कोरडं केलं, आणि तिने मान हलवेपर्यंत सुई हातात धरून थांबली.