प्रतिक्षानं राक्षस काढून घेतला

जव्हारच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. जातीचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सगळं तिथं होतं. बाकावर थोडं टेकलात तर कोणाची सोयरीक कुठं मोडली तेही कळतं, पण ते खातं माझं. दुकान प्रतिक्षाचं.

प्रतिक्षा जामसरची. वय सव्वीस, लग्न व्हायचंय, आणि ते का अडलंय याबद्दल बाजारात चार मतं आहेत. त्यातली दोन मीच सोडलेली. हे तिला ठाऊक आहे, म्हणून मला चहा बिनसाखरेचा मिळतो. खरं कारण तिच्या आईनं, गौरानं सांगितलं. "बघायला आलेल्या पोराला ही विचारते, भांडणात तुझी चूक निघाली तर काय करशील. पोरगं तिथंच घाम पुसायला लागतं."

ही सवय तिला दुसऱ्या कामामुळे लागली. त्या कामाला पगार नाही, पाटी नाही. फोनवर मेघदुर्ग नावाचं एक राज्य आहे. नकाशावर शोधू नका, तीनशे माणसांनी मिळून ते नुसतं लिहून उभं केलंय. कोणी लातूरचा, कोणी सांगलीचा, एक तर दुबईत बसलेला. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, राजा, चेटकीण, बोलका कोल्हा, मनाला येईल ते, आणि त्याच्या तोंडून लिहीत जायचं. एकानं लिहिलं, मी तलवार उपसली, की दुसऱ्यानं लिहायचं, मी ढाल पुढे केली. आमचे लोक बोहाड्याच्या उत्सवात मुखवटे चढवून देव-राक्षस होतात आणि पायांनी नाचतात. हे बोटांनी नाचतात.

आता तीनशे सोंगं एकत्र आली म्हणजे पंच लागतोच. त्याला तिकडे मॉडरेटर म्हणतात. चार वर्षं ते काम प्रतिक्षाकडे. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी अमर व्हायचं असतं, त्याला खाली उतरवायचं. समोरच्याला न विचारता त्याचं मुंडकं उडवलं, तर ते लिखाण पुसायचं. कोणाचा हात कुठल्या लढाईत तुटला ते लक्षात ठेवायचं, कारण तुटक्या हातानं लोक पुन्हा धनुष्य उचलतात. इकडे सातबाऱ्याची प्रिंट निघतेय आणि तिकडे ही सेनापतीला झापतेय. एकदा एका म्हाताऱ्याचा अंगठा मशीनवर टेकवता टेकवता ती तोंडानं बोलत बोलत टाइप करत होती, "तुम्ही मेला आहात, आता बोलायचं नाही." म्हातारा खुर्चीतून उठलाच. त्याला वाटलं, सरकारी कागदावर तसं आलं.

मेघदुर्गात तिचं नाव होतं दीपमाळ. लिहायची एकदम पुस्तकी, शुद्ध. त्यामुळे सगळ्यांची समजूत अशी की दीपमाळ म्हणजे पुण्याचे कोणी निवृत्त मास्तर. तिनं ती समजूत मोडली नाही. मीही गप्प राहिलो, आणि ते मला किती जड गेलं असेल याची कल्पना करा.

या राज्याचा मोठा राक्षस ताम्रासुर. त्याला लिहायचा ठाण्याचा हेमंत. लिहायचा झकास, खोटं कशाला बोलू. निम्मे लोक त्याचंच वाचायला यायचे. परभणीची जयश्री वनदेवी लिहायची. गोष्टीत राक्षसानं वनदेवीला पळवलं, तिथवर कोणाची तक्रार नव्हती, राक्षसांचं तेच काम. पण मग हेमंत जयश्रीला खासगीत लिहायला लागला. फोटो पाठव म्हणाला. ती नको म्हणाली तर म्हणतो कसा, "मी नाही मागत, ताम्रासुर मागतोय." आठवडाभर हेच चाललं. शेवटी जयश्रीनं ते सगळं पंचाकडे पाठवलं.

प्रतिक्षानं वाचलं, दोन ग्राहकांना बसायला सांगितलं आणि निकाल टाकला. हेमंत तीन महिने बाहेर. ताम्रासुर आजपासून जयश्री लिहील.

पहिल्या वाक्यावर कोणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्यावर मात्र राज्य पेटलं. कारण असल्या खेळात पात्र लिहिणाऱ्याचं असतं. माणसाला हाकला, त्याचं पात्र त्याच्याबरोबर जातं, नाहीतर मरतं. दुसऱ्याला देत नाहीत. नियमांत हे कुठं लिहिलेलं नव्हतं. सगळे तसं धरून चालले होते, आणि जामसरची पोर वेगळंच धरून चालली होती. एरवी तिच्या बाजूचे लोकही म्हणाले, ही चोरी झाली.

राज्याचा मालक तुषार, नाशिकचा. त्याचा निरोप आला, शनिवारी चार वाजता सगळ्यांसमोर बैठक, हेमंतही असेल, आणि ती आवाजात, लिहून नाही. राक्षस परत द्या, माफी मागा, नाहीतर पंचपद सोडा.

मी म्हटलं, "देऊन टाक गं. राक्षसापायी कोण भांडतं?"

"आबा, तुम्ही कंडक्टर होता. बिनतिकिटाला जाऊ दे म्हणायचा?"

"ओळखीचा असला तर म्हणायचो."

"म्हणून तुम्हाला कोणी भ्यायचं नाय."

चहा तसाही बिनसाखरेचा होता, आता तोही गार झाला. पण एक सांगतो, ती घाबरली होती. चार वर्षांत तिनं तिथं तोंड उघडलं नव्हतं. आमचं बोलणं पुण्यामुंबईच्या माणसाच्या कानाला कसं लागतं हे ती शाळेपासून ऐकत आली होती. आणि पंचपद गेलं असतं तर दिवसभर नुसते फॉर्म उरले असते. ज्या एका जागी तिच्या शब्दानं राजे गप्प बसत, ती जागा जाणार होती.

शनिवारी तिनं शटर अर्धं ओढलं. मी सभ्यपणे उठलो तर म्हणाली, "बसा. अर्धवट ऐकून गावभर सांगाल, त्यापेक्षा पुरं ऐका." फोन टेबलावर, आवाज मोठा.

"मी दीपमाळ," ती म्हणाली. "नाव प्रतिक्षा. जव्हार तालुक्यात जामसर म्हणून गाव आहे, तिथली."

पलीकडे शंभरएक माणसं ऐकत होती. हेमंत हसला. "हे मास्तर? मॅडम, तुमच्याकडे लाइट असते का?"

"असते. जाते पण. आता आहे तवर बोलून घेते."

आणि बोलली. तिचा सख्खा काका जिव्या. बोहाड्यात राक्षसाचं सोंग त्यांच्या घराकडे, आज्यापासूनचा मान. प्रतिक्षा आठ वर्षांची असताना जिव्यानं मुखवटा घालून बघायला बसलेल्या एका बाईची वेणी ओढली. वर म्हणाला, मी कुठं ओढली, राक्षसानं ओढली. गावानं तिथंच त्याचा मुखवटा उतरवला आणि गावातल्याच रघ्या नावाच्या पोराच्या तोंडावर चढवला. काकाला त्या वर्षी रघ्यासाठी मशाल धरायला लावली. (हे सगळं खरं. रघ्याला मुखवटा मोठा झाला होता, हनुवटीखाली टॉवेल कोंबावा लागला. ते मात्र तिनं सांगितलं नाही.)

"आमच्याच घरातला मान गेला," ती म्हणाली, "तरी मी म्हणते बरोबर झालं. सोंग गावाचं असतं. माणूस चुकला म्हणून मुखवटा खुंटीला लावला, तर देवीनं मारायचं कोणाला? राक्षस नाचलाच पाहिजे. तो कोणी नाचवायचा ते गाव ठरवतं. तुमच्यात तसं नसेल. मला म्हायती नव्हतं. म्हायती असतं तरी मी हेच केलं असतं."

"हा गावचा तमाशा नाही," हेमंत म्हणाला. "हे साहित्य आहे. पात्र मी घडवलंय."

"बोहाडा म्हणतात त्याला. आणि तुझ्या साहित्यात पोरीचा फोटो कितव्या अध्यायात येतो?"

कोणीतरी खुदकन हसलं. मी नव्हतो, मी रुमाल तोंडात धरला होता.

तुषार मध्ये पडला. त्याचा आवाज लग्नात वाढपी बोलवणाऱ्या वधुपित्यासारखा, गोड आणि घाईचा. "प्रतिक्षा, तुझी भावना पोचली. पण हेमंतमुळे लोक येतात. तू शांतपणे पात्र परत कर, दोन ओळी माफीच्या टाक. विषय संपला."

"मालक तुम्ही. हुकूम फिरवा. पण माझ्या हातानं नाय फिरणार. तुम्ही लिहा, तुमच्या नावानं. जयश्रीकडून काढला, हेमंतला दिला, खाली कारण, खाली तुषार. तीनशे जणांनी वाचू दे. मग मला काढा."

"एवढा गाजावाजा कशाला? तूच कर ना."

"निकाल चार लोकांत झाला. फिरायचा तर चार लोकांतच फिरू दे."

तेवढ्यात एक बारीक आवाज आला. "मी जयश्री बोलतेय. तुषारदादा, परत घ्यायचा असेल तर माझं नाव घेऊन माझ्याकडून मागा. मी ऐकतेय."

मग तुषार म्हणाला, "बघू."

या गोष्टीला आता पाच महिने होतील. ते बघू अजून बघूच आहे. माफी कोणी मागितली नाही, हुकूम कोणी फिरवला नाही, पंच जागेवर आहे. हेमंतचे तीन महिने कधीच सरले. या, दुसरं सोंग घ्या, असं प्रतिक्षानं त्याला रीतसर कळवलं होतं. तो आला नाही. त्यानं स्वतःचं वेगळं राज्य काढलंय म्हणतात, तिथं राजाही तोच, राक्षसही तोच. प्रजा दोन, आणि त्यातला एकसुद्धा तोच असावा असा माझा संशय आहे.

जयश्रीनं मात्र राक्षस असा काही उचललाय की विचारू नका. परवा मेघदुर्गचा पूर्वेचा दरवाजा जाळला, अर्धी फौज नदीत घातली. राजा लिहिणारा सांगलीचा गृहस्थ रडत पंचाकडे आला, ताम्रासुर पूर्वीपेक्षा फार क्रूर झालाय, काहीतरी करा. प्रतिक्षा एका बाईच्या रेशनकार्डाची झेरॉक्स काढत होती. तिनं ती काढली, बाईच्या हातात दिली, आणि मग एका बोटानं उत्तर लिहिलं. मी मान लांब करून वाचलं.

"राक्षस आहे तो. दरवाजा नवा करा, जाड लाकडाचा."